थोरलीचं उदक

रविवार, ८ मे १९३८
कोडगाळी, तालुका खानापूर

दत्तोपंताच्या घरच्या उशीविरुद्ध मला रीतसर फिर्याद नोंदवायची आहे. यजमान स्वतः वीस वर्षे बेळगावच्या कोर्टात वकिली करून बसलेला असल्यामुळे न्याय मिळण्याची आशा नाही, म्हणून ही वही. उशी सावरीच्या कापसाची आहे असे मला सांगण्यात आले. माझा अंदाज असा, की हरलेल्या खटल्यांचे कागद हा गृहस्थ उशीत भरून ठेवतो. दुपारी तासभर डोके टेकले. उठलो तेव्हा मान पूर्वेला होती आणि मी दक्षिणेला.

एवढे सोडले तर आल्याचा आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. सकाळी लोंढ्याच्या गाडीने निघून खानापुरास उतरलो. पुढे बैलगाडी, तांबडी धूळ आणि दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. वासंतीने गाडीवानाला चारदा गाडी थांबवायला लावली. नऊ वर्षांच्या मुलीने एका दिवसात किती करवंदे खावीत, याला आपल्या शास्त्रकारांनी मर्यादा घालून दिलेली नाही. ही त्यांची मोठीच चूक. तिची आई जाऊन चार वर्षे झाली. घरी आम्ही दोघेच. ती माझ्या आमटीतल्या चुका काढते, मी तिच्या शब्दरूपांतल्या. एकंदरीत तिच्या बाजूला काम जास्त आहे.

दत्तोपंताचे घर मलप्रभेच्या अगदी काठावर. दोन वर्षांपूर्वी त्याने ही जमीन घेतली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले होते. आज पाहिल्यावर माझे शब्द मागे घेतो. वैशाखात नदी बाकी ठिकाणी धोतराच्या काठाएवढी उरली आहे. पण इथे ती काळ्या खडकाला वळसा घालते आणि त्या वळणात मोठा हिरवागार डोह आहे. पलीकडे रान. जांभळाची फांदी पाण्यावर इतकी वाकलेली, की पिकलेली जांभळे आपोआप नदीला मिळतात.

याच डोहात गेल्या आषाढात दत्तोपंताचा धाकटा, माधव, गेला. सहा वर्षांचा होता. मी त्या वेळी पत्र पाठवले, आलो मात्र नाही. शाळा, पाऊस, नाना कारणे. या वेळी त्याने लिहिले, की घर खायला उठते, आठवडाभर ये, आणि वासंतीला घेऊनच ये. नाही म्हणवले नाही.

वहिनी खंगल्या आहेत. थोरली मुलगी कल्याणी वासंतीच्याच वयाची. दोघींची पाच मिनिटांत गट्टी जमली. कल्याणीचे केस ओले होते. जेवताना पाहिले तेव्हाही ओले, संध्याकाळी परवचा म्हणतानाही ओले. वहिनी दर थोड्या वेळाने पंच्याने ते टिपत होत्या. मी म्हटले, ग्रहण असल्यासारखे लेकीला किती वेळा न्हाऊ घालता? वहिनी म्हणाल्या, उन्हाळा फार आहे भावजी.

सोमवार, ९ मे

आज मष्णूची ओळख झाली. डोहाच्या काठाशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. गाव त्याला नुसते ‘थोरली’ म्हणते आणि मष्णू तिचा पुजारी. वय सत्तरीचे, गालात निपाणीची तंबाखू, अंगावर घोंगडे आणि स्वभाव अत्यंत नम्र. दुपारी बारा वाजता तो डोहात भात टाकतो, तेव्हा हातभर लांबीचे मासे वर येतात. हे मासे कोणी धरत नाही. माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा त्यांची शिस्त चांगली आहे: ढकलाढकल नाही, सगळ्यांची तोंडे एका दिशेला. ती दिशा दत्तोपंताच्या घराची, आणि त्यातही कल्याणी बसते त्या खिडकीची. वासंतीनेच हे माझ्या नजरेस आणले. कल्याणी काठावर येत नाही. खिडकीतसुद्धा पाठ करून बसते.

मष्णूचा एकच दोष, पण तो भयंकर. त्याला संस्कृत येत नाही, आणि न येणारे संस्कृत तो मोठ्याने म्हणतो. दर वैशाखात पौर्णिमेआधी थोरलीला ‘मान’ द्यायचा असतो, म्हणजे संकल्प म्हणून तिच्या नावाने डोहात उदक सोडायचे. तो विधी उद्या आहे. त्याची तालीम चालली होती. मी दहा पावलांवर वेताच्या खुर्चीत बसलो होतो आणि दर दोन शब्दांना माझ्या पोटात कळ येत होती. देवांना सहनशील का म्हणतात ते आज कळले.

शेवटी न राहवून उठलो आणि दोन ठिकाणी सुधारले. मष्णूने कानाला हात लावून म्हटले, “आमाला कुनी शिकिवलंच न्हाय बुवा. तुमच्या तोंडनं कसं गोड वाटतंय.” दत्तोपंत ओसरीवरून पाहत होता. तो म्हणाला, शास्त्री, तुला अजून चूक ऐकवत नाही काय रे? मी म्हटले, चूक ऐकून घ्यायला मी वकील आहे काय? तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच हसला.

संध्याकाळी वासंती आणि मी नदीच्या उतारावर, जिथे घोट्याएवढेच पाणी आहे तिथे, चपट्या दगडांनी भाकरी थापत बसलो. पाण्यावर दगड उडवायच्या खेळाला ती भाकरी म्हणते. तिच्या सात झाल्या, माझी एकच, आणि तीही करपली.

मंगळवार, १० मे

आजचा विधी मीच केला. कसे झाले ते लिहितो.

बाराच्या उन्हात सगळा गाव काठावर जमला होता. बायका पोरे कडेवर घेऊन उभ्या. एवढ्याशा गावात पोरे बरीच आहेत, पण सगळी लहान. आठ-दहा वर्षांचे एकही दिसले नाही. मी मनात म्हटले, मोठी पोरे गुरे घेऊन गेली असतील. मष्णूने ओंजळीत पाणी घेतले आणि सुरुवात केली. पहिल्याच ओळीत अडखळला. पाणी टाकून दिले, पुन्हा घेतले, पुन्हा अडखळला. तिसऱ्या वेळी त्याने जे काही उच्चारले ते मी इथे लिहीत नाही. ही वही वासंती वाचते.

दत्तोपंत माझ्या कानाशी म्हणाला, की एवढ्या लोकांचा वर्षाचा मान असा चिखलात जातो बघ.

मी पुढे झालो. मष्णूला बाजूला केले, पाणी ओंजळीत घेतले, देश-काल उच्चारला, माझे गोत्र सांगितले, अनंतशर्मा हे नाव सांगितले. संकल्प दुसऱ्याच्या वतीने करताना यजमानाचे नाव घ्यायचे असते, हे मी तीस वर्षे शिकवत आलो आहे. पण कोणी यजमान म्हणून पुढे आले नाही, आणि मी त्या क्षणी माझ्या आवाजावर खूश होतो. काय अर्पण करायचे म्हणून मष्णूकडे पाहिले. तो म्हणाला, “तिला माज्या घरातलं जे पायजे ते, असं म्हना बुवा. आमी असंच म्हनतो.” मला गंमत वाटली. ते मी चांगल्या संस्कृतात म्हटले आणि उदक सोडले.

पाणी पाण्यात पडल्याचा आवाज झाला नाही. वारा असेल.

मग एक बाई रडू लागली. पाहतो तर हसत होती. मष्णूच्या बायकोने, मनुबाईने, धावत ओसरीवर जाऊन कल्याणीच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. वहिनी मटकन वाळूत बसल्या. आणि दत्तोपंताने, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या माणसाने, माझे पाय धरले. मी म्हटले, अरे, शुद्ध उच्चाराला कोर्टातही एवढा मान नसेल. तो वर बघेना.

बुधवार, ११ मे

वासंतीचे केस ओले आहेत.

सकाळी वाटले, विहिरीवर खेळून आली असेल. पुसले. नाश्ता होईतो पुन्हा ओले. विचारले तर म्हणाली, मी पाण्यात गेलेच नाही अण्णा. ती खोटे बोलत नाही. बोलली तर पुढच्या वाक्यात हसते. हसली नाही. वेणीच्या टोकाशी पाण्याचा थेंब धरतो, वाढतो, पडतो. मी मोजले नाही, पण बराच वेळ बघत बसलो. केसांना शेवाळाचा वास येतो.

आत वहिनी कल्याणीला तेल लावत होत्या. कल्याणीचे केस कोरडे, भुरभुरीत, सगळीकडे उडत होते. वहिनींनी ते दोन्ही हातांनी गालाशी धरले होते आणि तोंडातून आवाज न काढता रडत होत्या. मी दारात आहे हे कळल्यावर त्यांनी पदर ओढून घेतला आणि म्हणाल्या, भावजी, वासूला आज शिरा करते. तिला आवडतो ना. असे तीनदा म्हणाल्या. माझ्याकडे पाहिले नाही.

दत्तोपंत सकाळपासून खोलीत कडी लावून बसला आहे.

दुपारी भात टाकायच्या वेळी मी मुद्दाम काठावर गेलो. वासंतीला ओसरीच्या उजव्या टोकाला उभी केली, मग डाव्या. मासे उजवीकडे गेले, मग डावीकडे.

मी हे नीट लिहितो आहे. सर्दीने, उन्हाने, अपचनाने माणसाला काहीही दिसते. मला सर्दी नाही.

गुरुवार, १२ मे

पहाटे फिरायला निघालो. थोरलीच्या दगडाशी मष्णू पाठमोरा बसला होता आणि संकल्प म्हणत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक नाही. स्वर, विराम, सगळे जिथल्या तिथे. माझ्या हायस्कुलात असे म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो मी नव्हे. मी शिकवलेला आणि आता तिथेच शिकवणारा उपेंद्र.

मी त्याचे घोंगडे धरून त्याला उभा केला. तो घाबरला नाही. दात पडलेल्या तोंडाने शांतपणे सांगू लागला. जो स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने, कोणी जबरी न करता उदक सोडतो, त्याच्या घरातले सगळ्यात धाकटे थोरलीचे. वैशाखी पौर्णिमेचा सूर्य बुडताना ज्याचे नाव तिच्यापाशी असेल, त्याच्या घरचे आषाढाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर जाते. जिथे असेल तिथून येते. पुढच्या वर्षी त्याच घरातले पुढचे. नाव दुसऱ्याने घेतले तर सुटका. पूर्वी गावात पाळी होती. मष्णूची तीन नातवंडे गेली.

“मग दत्तोपंत आलं,” तो म्हणाला. “त्येंनी बी आमाला शिकिवलं, असं न्हाय, असं म्हना म्हनून. मान्सं शिकल्याली. आमी काय ढकाललं न्हाय कुनाला.”

मी त्याला मारले. म्हाताऱ्या माणसाला मी हात उचलला. त्याने तोंड पुसले आणि गावाकडे बोट केले. गल्लीत तीन-चार वर्षांची पोरे धुळीत लोळत होती. “बगा की बुवा, किती हाईत. आमी धा घरं. आमची वळख कुटवर? खानापूरच्या बाजारापतुर. तुमची वळख लई मोटी.”

मी म्हटले, तूच पुन्हा म्हण, तुझ्या नावाने. तो हात जोडून म्हणाला, आता मला म्हनाय येत न्हाय बुवा.

घरी आलो. वासंतीच्या बोटांची टोके सुरकुतली आहेत, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. उकडत नाही का, विचारले. म्हणाली, गार वाटतंय अण्णा. खाली तर लईच गार आहे.

कुठे खाली, ते विचारले नाही.

शुक्रवार, १३ मे

निघालो. दत्तोपंत बाहेर आला नाही. वहिनींनी वासंतीच्या हातात खाऊचा डबा दिला आणि तिची पापी घ्यायला वाकल्या, पण मध्येच थांबल्या. पदर ओला होईल म्हणून असेल. कल्याणी खिडकीतून हात हलवत होती. तोंड बाहेर करून, नदीकडे.

खानापूर स्टेशनवर बाकाखाली पाण्याचे थारोळे झाले. हमाल ओरडला, पोरगीला मुतवून आणा की वो. वासंती लाजून रडली. मी तिचे डोके पुसले. पुसले. पुसले. दोन धोतरे, एक उपरणे.

मला वाटले होते, नदी मागे राहील.

गाडीत बसल्यावर सामानात मी न ठेवलेला एक तांब्याचा गडू सापडला. तोंड मेणाने बंद. त्याला बांधलेले दत्तोपंताचे पत्र. वकिली अक्षर, कलमे पाडलेली. एक, विधी डोहावरच झाला पाहिजे असे नाही. पाणी त्या डोहाचे पुरे. दोन, समोरच्याने ते आपणहून हाती घेतले पाहिजे. तीन, सांगून केले तर चालत नाही, त्याने स्वतःच्या भावाला सांगून पाहिले होते. खरेदीखत त्याने चारदा वाचले होते, म्हणे. जमिनीबरोबर काय येते ते त्यात नव्हते. क्षमा मागितलेली नाही. शेवटी एवढेच: मी काय करायला हवे होते ते मला लिहू नकोस. आधी वासूचे केस पूस, आणि मग लिही.

मी रागाने पत्र खिडकीबाहेर टाकले. गडू टाकला नाही.

शनिवार, १४ मे. पौर्णिमा
बेळगाव, ठळकवाडी

सकाळ — शेणाने सारवलेली जमीन स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत ओली. वासंती झोपेत हात हलवते. पोहायला तिला येत नाही. मी शिकवले नाही, भीती वाटायची म्हणून.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, घाम. औषधाची बाटली.

दहा वाजता — मी सोडलेले उदक मागे घेता येते का, तीन ग्रंथ पाहिले. दिलेले दान मागे घेण्याला जे म्हटले आहे ते मी मुलांकडून पाठ करून घेत असे. मार्ग नाही.

अकरा — तिच्या कानातून पाणी आले. थोडेसे. वाळू होती त्यात. म्हणाली, अण्णा, तिथे एक मुलगा आहे, सहा वर्षांचा. तो म्हणतो, ये, कंटाळा येतो.

बारा — उपेंद्राला चिठ्ठी लिहिली. चार वाजता ये, घरी छोटा विधी आहे, मंत्र म्हणायला माणूस मिळाला आहे पण तो अगदीच अडाणी.

पाठवण्याआधी ती शेवटची ओळ खोडली. माणूस नाही. मीच म्हणेन.

दोन — उपेंद्राचा मुलगा चार महिन्यांचा. बारशाला नाव मीच सुचवले होते. मुठी आवळून झोपतो. माझे बोट धरले होते त्याने, सोडेना. मंडळी हसली होती.

तीन — तासभर चुका करायचा सराव केला. तीस वर्षांत जीभ वळली नव्हती, आज सहज वळली. पहिल्या ओळीत अडखळायचे. पाणी टाकायचे. पुन्हा घ्यायचे. गडूचे मेण काढले आहे. पाण्याला काही वास नाही.

वासंती उशाला बसली आहे, पाय हलवत. मला विचारते, चुकीचं का म्हणताय. मी म्हटले, गंमत. ती हसली नाही. वेणीतून धार —

पावणेचार — उपेंद्र फाटक उघडतो आहे. नवे धोतर नेसून आला आहे. हातात माझ्यासाठी आंबे.

मला पाप लागेल याची काळजी नाही. ते लागलेच आहे. बाळाची — ती मी करत नाही, ठरवून करत नाही. काळजी एकच आहे, खरी. उपेंद्र माझा विद्यार्थी. माझ्यासमोर त्याने आजवर मान वर केली नाही. मी चुकलो तरी तो मला टोकणार नाही. मान खाली घालून ऐकून घेईल, आदराने, सूर्य बुडेपर्यंत, आणि वासू —